गाडीची नाडी पाहणारे ढोककाका

आमच्या गाडीची पूजा व्हायच्या आधी तिची तपासणी झाली.

गाडी कोरी करकरीत. शोरूममधून सरळ आणून भिलाईच्या स्मृति नगरातल्या आमच्या घरापुढे उभी केलेली. बॉनेटवर स्वस्तिक काढून झालेलं, चाकांखाली लिंबं ठेवलेली, माझी बायको सुनंदा हातात ताट घेऊन तयार आणि नारळ माझ्या हातात. आम्ही त्या घरात नुकतेच राहायला आलो होतो, म्हणून गल्लीतली चार माणसं ओळख करून घ्यायच्या निमित्ताने पेढ्यांवर नजर ठेवून उभी होती. एवढ्यात शेजारच्या फाटकातून एक बुटके, चष्मेवाले गृहस्थ तरातरा आले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवर बसायचं सोडून रस्त्यावर गुडघे टेकले. मग त्यांचं डोकं स्टिअरिंगखाली दिसेनासं झालं. बाहेर उरले फक्त दोन पाय, आणि त्यातल्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"नारळ थांबवा मास्तर," आतून आवाज आला. "मले आधी तिची नाडी पाहू द्या."

पूजेला आलेल्या गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी सुनंदाकडे, आणि सुनंदाने त्या मोज्याकडे. थोड्या वेळाने गृहस्थ बाहेर आले. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी खोचली होती आणि हातातल्या मोबाइलवर आकडे पळत होते.

"बॅटरी बारा पॉइंट तीन. बारा पॉइंट सहा पाहिजे. शोरूममध्ये उभी राहून राहून थकली बिचारी. आज जरा लांब फिरवून आनजा. बाकी तब्येत फस्स क्लास. हं, फोडा आता नारळ."

ही श्रीधर ढोक यांची आणि माझी पहिली भेट. कॉलनीत त्यांना लहानथोर सगळे ढोककाका म्हणतात. मूळचे उमरेडकडचे, पण सगळी हयात भिलाईत, पोलाद प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात गेली. मी जुनवानीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला ते एका वाक्यात समजावलं. "भट्टीच्या पोटात काय चालू हाय, ते कोनाच्या बापाले दिसत नाही मास्तर. जे समजते ते काट्यावरून. अन् तो काटा खरा बोलून राहिला की नाही, ते पाहनारा मी."

रिटायर झाल्यावर भट्टी सुटली, काटे सुटले. काही माणसं अशा वेळी देवाकडे वळतात, काही मधुमेहाकडे. ढोककाका स्वतःच्या चारचाकीकडे वळले. आजकालच्या गाडीच्या पोटातही कॉम्प्युटर असतो, तो सगळं मोजत असतो आणि योग्य डबी खोचली तर सांगतोही, हे कळल्या दिवसापासून त्यांना निवृत्ती जाणवली नाही. इंजिनाचं पाणी किती गरम, पेट्रोल किती जळतंय, ब्रेक कितीदा करकचून दाबला, सगळे आकडे मोबाइलवर. गाडी सुरू केली की काकांची मान रस्त्याकडे आणि कान काकूंच्या हातातल्या मोबाइलकडे. सुमनकाकू शेजारच्या सीटवर बसून पाठ केल्यासारखं वाचत जायच्या. "पानी एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. अहो, कोथिंबीर घ्याची हाय, थांबवा. त्र्याऐंशी."

नुसतं वाचून काकांचं भागत नसे. गाडीच्या सवयी बदलणं हा त्यांचा खरा षोक. कंपनीने एकदा ठरवून दिलं म्हणून इंडिकेटरने तीनदाच का मिचकावायचं? ढोककाकांचा पाचदा मिचकावतो. गाडी चालायला लागली की दारं आपोआप लॉक होणार, कुलूप लावलं की आरसे कान पाडणार, उघडलं की दिवे लागून 'या बसा' म्हणणार. "गाडी म्हंजे सून नाही," ते म्हणत, "की जशी आली तशी समजून घ्याव." हे ऐकून काकू आतून विचारत, "अन् सासू काय असते?" काका लगेच डबी शोधायला लागत.

माझ्याही गाडीला त्यांनी वळण लावलं. मी नको म्हणत होतो, पण ते नाडी पाहतो म्हणून आत शिरले आणि अर्ध्या तासाने 'तुमचं काम करून देल्लं' म्हणत बाहेर आले. काय काम केलं ते मला दुर्गला गेल्यावर समजलं. तिथल्या पद्मनाभपूरला आमच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले होते, म्हणून संध्याकाळी सुनंदा आणि मी भेटायला गेलो. अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं खाली माना घालून बसलेली. मी गाडी लावली, चेहरा योग्य तेवढा पाडला आणि कुलुपाचं बटण दाबलं. गाडी दोनदा आनंदाने ओरडली. मागचे-पुढचे सगळे दिवे मिचकावले, मग पुढचे दोन्ही दिवे लख्ख लागले आणि त्या प्रकाशात अंगणातला प्रत्येक माणूस सिनेमाचं शूटिंग असावं तसा उजळून निघाला. मी बटण पुन्हा दाबलं, तर गाडी पुन्हा ओरडली. सुनंदा माझ्यापासून चार पावलं दूर जाऊन उभी राहिली, जणू ती रिक्षाने आली होती.

परत आल्यावर मी तावातावाने काकांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनदा वाजली?"

"दोनदा."

"मंग बरोबर हाय. मी दोनदाच सेट केली होती."

पण काहीही सेट करून देत असत असं मात्र नाही. गल्लीतला एक तरुण त्यांच्याकडे आला. सीट बेल्ट लावला नाही की गाडीत टुंग टुंग वाजतं ते कायमचं बंद करून पाहिजे म्हणाला. काकांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. "अलार्म बंद करनारा अन् चोरी कराच्या आधी दारावरच्या कुत्र्याले विष देनारा, दोघं एकाच जातीचे." तो पोरगा अजून त्यांच्या घरावरून जाताना बेल्ट लावून जातो, स्कूटरवर असला तरी हात छातीशी नेतो.

काकांचे दोन नियम होते आणि घर त्या दोन नियमांवर चालत असे. पहिला, रीडिंग जसंच्या तसं सांगायचं. 'नव्वदच्या आसपास' म्हटलं की ते खवळत. "आसपास नावाचं गाव कोन्या नकाशावर हाय दाखवा." लग्न जुळतानाची गोष्ट काकू मोठ्या हौसेने सांगतात. मध्यस्थाने मुलाची उंची पाच फूट पाच इंच सांगितली होती. मुलीकडच्यांचे पोहे खाऊन झाले, सगळं ठरल्यात जमा होतं आणि मुलगा उठून म्हणाला, "पाच पाच नाही. पाच साडेतीन. तेही जोडे घालून." काकूंचे वडील गार पडले. काकू सांगतात, "मी आतून ऐकलं अन् आईले म्हटलं, हाच. उंची काय, पाट घेऊन उभं राहता येते. खरं बोलनारा कुठून आनाव?"

दुसरा नियम, आधी मीटर तपासा, मग भट्टी. रीडिंग विचित्र आलं की घाबरून भट्टीकडे धावायचं नाही, आधी काटाच बिघडला नाही ना ते पाहायचं. प्लांटमध्ये या नियमाने त्यांचं नाव झालं असेल, घरात मात्र हाल झाले. काकूंना एकदा सणकून ताप आला. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. काकांनी तो झटकून आधी स्वतःच्या तोंडात धरला, मग पेपर मागायला गेलेल्या माझ्या तोंडात. दोघांचे आकडे बरोबर आले, थर्मामीटर निर्दोष सुटला, पण तोवर काकू स्वतःच गोळी घेऊन झोपी गेल्या होत्या.

याच नियमाने पुढे घात केला.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली. मागच्या कोपऱ्याचा रंग हातभर उडाला. गल्लीत हळहळ कमी आणि कुतूहल जास्त, कारण त्या गाडीला मागे चांगले चार सेन्सर होते. जवळ काही आलं की ते ओरडत.

"ओरडला," काका म्हणाले. "पन मी पाहिलं तं मले काहीच दिसलं नाही. मतलब सेन्सर खोटा ओरडला, असं समजून मी गाडी घेतली मांगं."

"खोटा कसा?" काकू म्हणाल्या. "खांब होता ना तिथी."

"तेच तं तपासाचं हाय."

मग तीन दिवस तपास चालला. मला गाडीमागे उभं केलं. माझ्या हातात कधी बादली, कधी स्टूल, शेवटी काकूंनी सांडग्यांसाठी आणून ठेवलेलं कोहळं. डावीकडून या, उजवीकडून या, खाली वाका. समोरून जाणारी भाजीवाली टोपली उतरवून बघत उभी राहिली. "का होगे कका? मास्टरजी ला काबर रेंगावत हस?" म्हणाली. मास्तरांना का रांगायला लावताय, असा तिचा साधा प्रश्न होता आणि मलाही त्याचं उत्तर पाहिजे होतं. चारही सेन्सर प्रत्येक वेळी अचूक ओरडले. कोहळ्यालाही ओरडले.

तिसऱ्या दिवशी काका गाडीतून उतरले आणि ओट्यावर बसले. 

"सेन्सर खरा हाय मास्तर," ते म्हणाले. "तुमी डावीकडून आले, ते मले दिसलेच नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. तिथे एका यंत्रात डोकं घालून बसायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. काकांनी फार थोड्या वेळा बटण दाबलं. मग ते तिथल्या नर्सला म्हणाले, "ताई, एक डाव तुमी बसून पाहा. बटन बिघडलेलं वाटते." नर्स बिचारी बसली. बटण ठीक होतं. काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, मोबाइलवरचा बारीक आकडाही वाचता येत होता, पण दोन्ही बाजूंचं जग हळूहळू पुसलं गेलं होतं. थेंब टाकले तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, आणि गाडी आजपासून चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना माझ्या गाडीत त्यांनी एकदाही आकडे विचारले नाहीत.

त्यांचा मुलगा प्रशांत बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगला मुलगा आहे, आईबापाची काळजी करणारा, आणि काळजी करणाऱ्या मुलांना एकच उपाय सुचतो तो त्यालाही सुचला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होतो. "बाबा, गाडी बेच डालो. घर भाड्याने द्या. तुम्ही दोघं इकडे या. तिथे रात-बेरात आईला काही झालं तर कोण नेणार? मी दिवाळीला येतो, तेव्हा फायनल करू."

काकूंनी फोन ठेवला. बंगळूरला त्या दोघांनी एक उन्हाळा काढला होता. चौदाव्या मजल्यावरच्या घरात काकूंशी मराठीत बोलणारी फक्त नात होती, तीही 'आजी, हिंदी में बोलो ना' म्हणायची. काका खाली पार्किंगमध्ये जाऊन लोकांच्या गाड्यांकडे पाहत उभे राहत, आणि चौकीदार त्यांच्याकडे पाहत उभा राहत असे.

"मले नाही जाचं," काकू म्हणाल्या. "माह्यं भजनी मंडळ इथी, माही बहीन पद्मनाभपूरले. तिथी मी काय लिफ्ट पाहत बसू?"

"मंग गाडी कोन चालवन?" काका म्हणाले.

काकूंनी पदर खोचला. "कावून? मले पाय नाही का?"

साठी उलटलेल्या सुमनकाकू ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागल्या. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. मग रोज सकाळी टाउनशिपच्या सेक्टरांतल्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर सराव सुरू झाला. काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी मोबाइल घेऊन आणि मी मागच्या सीटवर. मी कशाला, तर काका म्हणाले, "मले बाजूचं दिसत नाही, तिले घाईत समोरचंही दिसत नाही. तुमी दोन्ही पाहत जा."

त्या दिवसांत काकांनी गाडी पुन्हा सेट केली. स्वतःचे लाड सगळे काढून टाकले. पाचदा मिचकावणं गेलं, 'या बसा' गेलं. गाडी मागे घेताना डावा आरसा आपोआप खाली झुकून काकूंना चाक दाखवू लागला, कारण काकूंना डावीकडचा अंदाज येत नव्हता. वेग जरा वाढला की गाडी हळूच टुंग करू लागली. मला वाटलं, आता जमणार.

पण काका आकडे वाचत होते. जसेच्या तसे.

"थ्रॉटल पस्तीस! आरपीएम तीन हजार दोनशे! गेअर बदल ना! ब्रेक करकचून, दोन झाले. तीन झाले. सुमन, क्लच सोडून राहिली का फेकून राहिली?"

"तुमी चूप बसा, मी पाहून राहिली ना!"

"मी कुठं बोलून राहिलो? गाडी बोलून राहिली. चार झाले."

पाचव्याला काकूंनी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली, चावी काढली, पर्समध्ये टाकली, चपला नीट घातल्या आणि उतरून चालत घराकडे निघाल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने हॉर्न दिला तर त्यालाच म्हणाल्या, "त्याईले वाजव. मी पैदल हाय."

गाडीत आम्ही दोघे. चावी गेलेली. काकांनी मोबाइल उपडा मांडीवर ठेवला.

"मास्तर, जन्मभर आकडा सांगतला मी लोकाईले. कोनाले राग आला, कोनाले नाही. मले कधी फरक पडला नाही. पन आज तिचा चेहरा पाहिला. समोरचं दिसते ना मले अजून." ते रिकाम्या स्टिअरिंगकडे वळले. "ती नाही शिकली तं जा लागन इथून. तिले तिथी करमनार नाही. माह्या डोळ्याईपायी तिचं सगळं सुटून राहिलं."

 मी चालत त्यांच्या घरी जाऊन चावी मागितली. काकूंनी ती माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली आणि मी नाही चालवत आता, असं त्यांना सांगा म्हणाल्या.

गाडी मी घरी आणून लावली, ती दोन दिवस हलली नाही. दिवाळी तोंडावर आली होती. तिसऱ्या सकाळी काका आमच्या दाराशी येऊन म्हणाले, चला. पाहतो तर काकू स्टिअरिंगवर बसलेल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. गाडी निघाली. काका गप्प होते, मोबाइल हातात, ओठ मिटलेले. चौक आला, काकूंनी ब्रेक असा दाबला की मी पुढच्या सीटला नमस्कार करून आलो. तरी काका गप्प. शेवटी काकूंनाच राहवेना.

"सांगा ना, कसं होऊन राहिलं?"

"मस्त होऊन राहिलं," काका म्हणाले. "आरपीएम अठराशे. ब्रेक एकदम मुलायम. करकचून एकही नाही."

मी मागून वाकून पाहिलं. मोबाइलवर लाल अक्षरांत तीन होते. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल, डोळे आणखी बिघडले असतील. एवढ्यात त्यांनी मोबाइल हळूच माझ्या नजरेआड, खिडकीकडे वळवला. तेव्हा समजलं, दिसलं होतं.

त्या दिवसापासून गाडी खूपच छान चालू लागली. निदान काकांच्या तोंडून तरी. "क्लच परफेक्ट." "अॅव्हरेज माह्यापेक्षा चांगला पडून राहिला तुह्या हाती." काकूंचे खांदे खाली आले. स्टिअरिंगवरची मूठ सैल झाली. कधी कधी वळण खरोखरच सुंदर घेत, तेव्हा काका काहीच बोलत नसत, नुसते बसून राहत. ते बसणंही मला ऐकू येई.

प्रशांत दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. दुर्ग स्टेशनवर त्याला घ्यायला आम्ही तिघे गेलो. तो बॅग घेऊन बाहेर आला, ड्रायव्हरच्या जागी आईला पाहिलं आणि गाडीच्या दाराशीच थांबला.

"आई? तू? मी चालवतो ना, सरक."

"मांगं बस," काकू म्हणाल्या.

तो माझ्याशेजारी बसला. दिवाळीची गर्दी, ऑटो, बैलासारखे आडवे येणारे मोटारसायकलवाले. सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. काकूंनी कपाळावरचा घाम पुसला, गाडी सुरू केली, पुन्हा बंद पडली, पुन्हा सुरू केली. पुढे एक ऑटो अचानक डावीकडून घुसला, ब्रेक दणकून लागला आणि प्रशांतची बॅग माझ्या पायावर आली. प्रशांतने वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. आणि पुढे काका अखंड वाचत होते. "पानी एकोननव्वद. ब्रेक मुलायम. एकही नाही. शाबास. आरामात."

प्रशांतने पुढे वाकून मोबाइल पाहिला. ती डबी त्यानेच वडिलांना पाठवली होती, त्यामुळे लाल आकडा म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

घर आलं. काकूंनी गाडी फाटकातून आत घेतली, दोन्ही बाजूंचे खांब शाबूत राहिले. त्या चहा ठेवायला आत गेल्या. ओट्यावर आम्ही तिघेच उरलो तेव्हा प्रशांतने हात पुढे केला.

"बाबा, फोन द्या."

काकांनी मोबाइल घट्ट धरला. लबाडी पकडली गेल्यावर काय करायचं असतं, याचा त्यांना काहीच सराव नव्हता. मग त्यांनी तो देऊन टाकला आणि बुटांचे बंद सोडायला वाकले, तेही सुटेनात. प्रशांतने बोटाने खाली सरकवत सगळं वाचलं. त्या दिवसाचे लाल नऊ, त्याच्या आधीच्या दिवसांचेही आकडे. मी मनात म्हटलं, संपलं. भजनी मंडळ संपलं, पद्मनाभपूर संपलं.

प्रशांत स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "आई, स्कोअर ब्याण्णव आला तुझा! करकचून ब्रेक झीरो!"

आत कपबशा वाजायच्या थांबल्या. काकू चिमटा हातात घेऊनच दारात आल्या.

"तूही सुरू झाला का? ब्रेक माह्या पायाखाली होता रे. किती डाव दाबला, मले समजत नाही का?"

काकांनी मान वर केली. "तुले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली कावून नाही?"

 काकूंचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"सख्ख्या भावासाठी कधी आकडा बदलला नाही यायनं. प्रशांत, तुह्या मार्कशीटवर कोनी एक मार्क जास्त देल्ला होता, तं शाळेत जाऊन कमी करून आनला, आठोते ना? असा मानूस रोज सकाळी माह्या बाजूले बसून माह्यासाठी खोटं बोलून राहिला. मंग म्हटलं, आता काहीही होवो, गाडी आलीच पाहिजे मले."

असं म्हणून त्या चहा उतू जाईल म्हणत आत पळाल्या.  प्रशांत आत हाक मारून म्हणाला, "आई, संध्याकाळी मावशीकडे जाऊ. तूच चालव. पण मी पुढे नाही बसणार." गाडी विकायचं कोणी काढलं नाही. त्यानंतरच्या चार दिवसांतही नाही.

मी उठलो. काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. एक हात त्यांनी खांबावर ठेवला होता, आता ते खांब असे हाताने पाहून घेतात. चेहऱ्यावरून मला वाटलं, ते बायकोबद्दल काहीतरी बोलतील.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तो ऑटोवाला घुसला, तवा ब्रेक जरूरी होता ना?"

"होता की. नाहीतर धडकच होती."

"मंग तो चुकीत नाही धराचा." त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, लाल आकड्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हलका झाला. "मतलब नऊ नाही झाले. आठच झाले."